टोंगात जन्मलेले लाइनमन एनएफएलपर्यंत पोचतात ती वाट नेमकी कशी असते?

दुसरी_चाल

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना. त्यातला ४३ वा (१ फेब्रुवारी २००९, टँपा, स्टीलर्स २७ – कार्डिनल्स २३) पुन्हा बघताना एक गोष्ट नजरेत भरली. स्टीलर्सचा डावा गार्ड ख्रिस केमोएआतू आणि कार्डिनल्सचा उजवा गार्ड ड्यूस लुटुई, दोघंही पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवर जन्मलेले. (लाइनमन म्हणजे चेंडूजवळच्या पहिल्या रांगेत धडक घेणारे खेळाडू, गार्ड हा आक्रमणाच्या रांगेतला.) अख्ख्या देशाची वस्ती लाखभर, तिथला राष्ट्रीय खेळ रग्बी, आणि एकाच सुपर बोलमध्ये दोन बाजूंना दोन गार्ड!

ख्रिसचा थोरला भाऊ माआके नोज टॅकल, म्हणजे बचावाच्या रांगेत मधोमध उभा राहणारा. त्याला २००२ च्या ड्राफ्टमध्ये (संघ कॉलेजातले खेळाडू फेरीफेरीने निवडतात तो) कुणीच घेतलं नाही, तरी २०१२ च्या हंगामात तो रेव्हन्सकडून सुपर बोल जिंकून गेला. ख्रिस २००५ च्या सहाव्या फेरीतला, लुटुई २००६ च्या दुसऱ्या फेरीतला (४१ वा) आणि स्टार लोटुलेलेई २०१३ च्या पहिल्या फेरीतला (१४ वा). चौघं चार दारांतून आत आले.

मला पायऱ्या समजून घ्यायच्या आहेत. बेटावरून अमेरिकेतल्या शाळेत कसे येतात, कॉलेजात कुठे अडकतात, ड्राफ्टमध्ये नाव न येताही संघात जागा कशी मिळते, आणि तिशीच्या आसपास सगळं का संपतं? "अंगानेच दांडगे असतात हो" हे उत्तर कृपया नको.

उत्तरकिनारा

पहिली दुरुस्ती तुमच्या प्रश्नातच करतो. बेटावरून थेट एनएफएलमध्ये यांच्यापैकी कुणीच गेलेलं नाही. जन्म टोंगातला, पण फुटबॉल शिकले ते अमेरिकेतल्या हायस्कुलात. लोटुलेलेई नऊ वर्षांचा असताना युटात आला. लुटुईचा जन्म हाआपाई बेटांवरचा, वाढला ॲरिझोनातल्या मेसात. केमोएआतू भाऊ हवाईतल्या ओआहू बेटाच्या उत्तर टोकाला, काहुकू हायस्कूलचे.

इथे बरेच जण अमेरिकन सामोआशी गल्लत करतात. तो अमेरिकेचा प्रदेश आहे. तिथे जन्मलेल्याला अमेरिकेत यायला व्हिसा लागत नाही, तिथल्या शाळांत अमेरिकन फुटबॉलच खेळतात आणि कॉलेजांचे प्रशिक्षक मुलं हेरायला थेट तिथल्या राजधानीत, पागो पागोला जातात. टोंगा मात्र स्वतंत्र राज्य, १९७० पर्यंत ब्रिटिश संरक्षणाखाली पण राजघराणं स्वतःचंच. टोंगाच्या मुलाला व्हिसा लागतो. त्यामुळे कॉलेजच्या वयात एकटा मुलगा येण्याऐवजी बहुतेक वेळा आधी कुटुंब येतं आणि मूल लहानपणीच शाळेत बसतं.

कुटुंब कुठे उतरतं, यावर पुढचं पुष्कळ ठरतं. टोंगाच्या जनगणनेत जवळपास पाचवा हिस्सा लोक लॅटर-डे सेंट्स, म्हणजे मॉर्मन चर्चचे आहेत. या चर्चने काहुकूच्या शेजारच्या लाइए गावात १९५५ साली कॉलेज काढलं (आजची ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी-हवाई, थोडक्यात बीवायू-हवाई) आणि १९६३ साली पॉलिनेशियन कल्चरल सेंटर. आधी बांधकामाला, मग शिकायला आणि नोकरीला टोंगन, सामोअन मंडळी आली. त्यांची पोरं काहुकूच्या सरकारी शाळेत गेली. सॉल्ट लेक सिटी तर चर्चचं मुख्यालयच. मेसात १९२७ पासून चर्चचं मंदिर आहे. एनएफएलमध्ये खेळलेला पहिला टोंगन वाई सिकाहेमा (१९८६, कार्डिनल्स) मेसा हायस्कूलचा, आणि पुढच्या पिढीतला लुटुईही त्याच शाळेचा.

याला अपवाद टेक्सासमधलं युलेस. तिथे ओढ विमानतळाची होती. डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळ १९७४ साली सुरू झाला, तिथल्या नोकऱ्यांमागे टोंगन कुटुंबं आली, आणि ट्रिनिटी हायस्कूलने पुढे २००५, २००७, २००९ अशी तीन राज्य विजेतेपदं मारली. सामन्याआधी 'हाका' हे पॉलिनेशियन युद्धनृत्य करणारी टेक्सासची शाळा ती हीच.

राहिलं लाइनमनच का. चौदाव्या वर्षी वर्गातला सर्वात जड मुलगा प्रशिक्षक लाइनवर उभा करतो आणि तो तिथेच राहतो. बरं, सगळेच लाइनमन झाले असंही नाही. सिकाहेमा पंट (लाथेने उडवलेला चेंडू) परत आणणारा चपळ गडी होता आणि नव्वदच्या दशकातला चार्जर्सचा आल्फ्रेड पुपुनू टाइट एंड, म्हणजे अडवणारा आणि चेंडूही झेलणारा. टचडाऊन केला की चेंडू शहाळ्यासारखा तोंडाला लावून प्यायचा, तोच तो.

गुणपत्रिका

वरच्या प्रतिसादात एक पायरी सुटली, आणि माझ्या मते सर्वात जास्त मुलं त्याच पायरीवर गळतात. शाळेतले मार्क.

एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे सर्वात वरच्या स्तरावर, पहिल्या वर्षापासून खेळायचं तर हायस्कुलात ठरावीक १६ मुख्य विषय पूर्ण लागतात आणि त्यांची सरासरी किमान २.३ (४ पैकी). त्यातले १० विषय शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी झालेले हवेत, आणि त्या दहांतले ७ इंग्रजी, गणित आणि विज्ञानाचे. एकदा ही मुदत गेली की ते गुण गोठतात. शेवटच्या वर्षी रात्रंदिवस अभ्यास करून ती सरासरी वर काढता येत नाही. घरात टोंगन बोलणाऱ्या आणि अधल्यामधल्या इयत्तेत येऊन बसलेल्या मुलाला हे कुणीतरी नववीत सांगावं लागतं. अकरावीत सांगून उपयोग नाही. (सॅट/ॲक्ट या प्रवेश परीक्षांची अट जानेवारी २०२३ मध्ये गेली. या चौघांच्या वेळी ती होती, आकडेही वेगळे होते, पण चाळणी हीच.)

चाळणीत अडकलेल्यासाठी आडवाट म्हणजे दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज. युटात इफ्राइम गावचं स्नो कॉलेज यासाठी प्रसिद्ध आहे. लुटुई मेसातून स्नोला गेला, तिथून यूएससीला (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया). लोटुलेलेईही तिथलाच. त्याचं युटातल्या मुख्य बीवायूला जायचं ठरलं होतं, शैक्षणिक अटी पुऱ्या झाल्या नाहीत, २००८ चा हंगाम स्नोकडून खेळला, २००९ ला फुटबॉलच सोडलेला होता, आणि २०१० ला युटा विद्यापीठात आला.

आता घड्याळाचा हिशेब बघा. नियम असा की कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ नाव घातल्यापासून पाच वर्षं आणि त्यात चार हंगाम. ज्युनियर कॉलेजचा प्रवेशही धरला जातो. लोटुलेलेईचं घड्याळ २००८ ला सुरू झालं, म्हणजे २०१२ ला बंद. खेळलेले हंगाम २००८, २०१०, २०११, २०१२ – बरोबर चार. मधलं २००९ वाया गेलं तरी हिशेबात बसलं. आणखी एक वर्ष घरी बसला असता तर कॉलेजातला एक हंगाम कायमचा गेला असता. (२०२४ च्या शेवटी डिएगो पाव्हिया प्रकरणात कोर्टाने ज्युनियर कॉलेजचं वर्ष धरण्यावरच बोट ठेवलं आणि तेव्हापासून हा नियम डळमळीत आहे. पूर्वीच्या खेळाडूंना तो पुरेपूर लागू होता.)

घड्याळ थांबतं ते चर्चच्या मिशनसाठी, म्हणजे धर्मप्रचाराच्या सेवेसाठी. मिशन दोन वर्षांचं, मुलांना पूर्वी १९ व्या वर्षी जाता यायचं, ऑक्टोबर २०१२ पासून १८ व्या. ही दोन वर्षं पाचांत मोजत नाहीत. म्हणून बीवायू आणि युटाच्या संघांत चोविशी-पंचविशीचे लाइनमन दिसतात. फायदा म्हणजे हाडं पक्की झालेली असतात. तोटा असा की दोन वर्षं वजनं उचलणं बंद, रोज मैलोन् मैल चालणं आणि सायकल, त्यामुळे परतताना मुलगा बराच हलका झालेला असतो, आणि पुन्हा खेळायच्या वजनावर यायला जवळपास एक हंगाम जातो. शिवाय ड्राफ्टच्या वेळी वय जास्त. लाइनमनच्या बाबतीत संघ ते खपवून घेतात, पण डोळेझाक कुणी करत नाही.

नव्या मुलांसाठी एक सूचना. कुणी टोंगाहून थेट एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कॉलेजात आला, तर जुलै २०२१ पासून सुरू झालेली नाव-प्रतिमेची (जाहिराती, सह्या वगैरेंची) कमाई त्याला जवळजवळ बंद असते. शिष्यवृत्ती चालते. पण अमेरिकेत राहून जाहिरात केली, दुकानात सह्या दिल्या आणि त्याचे पैसे घेतले तर व्हिसाच्या अटी मोडतात. शेजारी बसलेला ग्रीनकार्डवाला चुलतभाऊ तेच करू शकतो. हा फरक आधी विचारून घ्यावा.

दुसरी_चाल

हे उत्तम. मग माआकेचं काय? ड्राफ्टमध्ये नाव नाही म्हणजे नशिबानेच आत आला ना?

शून्य_टेक्निक

नशीब थोडं. बाकी अंकगणित.

ड्राफ्ट संपला की अर्ध्या तासात फोन सुरू होतात. न निवडलेल्या खेळाडूला एका गोष्टीत निवडलेल्यापेक्षा जास्त मोकळीक असते: संघ तो स्वतः निवडतो. शहाणा एजंट बोनसच्या हजार-दोन हजार डॉलरवर भांडत बसत नाही, संघाची यादी उघडून त्या जागेवर माणसं किती आणि किती पगाराची ते बघतो. २००२ चे रेव्हन्स बघा. सुपर बोल ३५ जिंकवणाऱ्या लाइनच्या मध्यभागी सॅम ॲडम्स आणि टोनी सिरागुसा होते. २००१ च्या हंगामानंतर सिरागुसा निवृत्त झाला, ॲडम्स रेडर्सकडे गेला. पगारमर्यादेत (सगळ्या खेळाडूंच्या एकूण पगाराला लीगने घातलेली मर्यादा) संघ इतका अडकलेला की जुने महागडे खेळाडू सोडून स्वस्त पोरं घ्यावीच लागली. त्यात त्याच वर्षी माइक नोलन बचावाचा मुख्य झाला आणि ३-४ रचना (पुढे तीन लाइनमन, त्यांच्या मागे चार लाइनबॅकर) आली, म्हणजे मधोमध एक प्रचंड माणूस हवाच. ६ फूट ५ इंच आणि ३४५ पौंडांच्या (सुमारे १५६ किलो) माआकेला याहून मोकळी जागा दुसरीकडे क्वचितच मिळाली असती. आधी केली ग्रेगच्या मागे बदली म्हणून, मग हळूहळू वर.

न निवडलेल्याची शिडी साधारण अशी. करार तीन वर्षांचा, किमान पगाराचा. (२००२ साली नवख्याचा किमान पगार २,२५,००० डॉलर होता, २०२५ ला ८,४०,००० होता.) पण हा पगार मुख्य यादीत टिकलात तरच, आणि आठवड्याच्या हप्त्यांनी. शिबिरात आज ९० जण असतात, तेव्हा ८० च्या आसपास असायचे, आणि हंगामाआधी ५३ उरतात. वगळलेला नवखा आधी वेव्हर्सवर जातो, म्हणजे बाकीच्या संघांना २४ तास त्याच्यावर हक्क सांगता येतो. कुणी नाही घेतला तर सराव पथक. तेव्हा ते पाच जणांचं होतं, आता सोळांचं, आणि २०२५ ला नवख्याला आठवड्याला १३,००० डॉलर.

सगळ्यात मोठी चूक होते ती नवख्याच्या करारातल्या विभागलेल्या पगाराकडे दुर्लक्ष करण्यात. जखमी यादीत गेलात तर रक्कम खाली येते, असं कलम असतं. पोरं वरचा आकडा वाचून सही करतात.

माआकेला पैसे मिळाले ते दुसऱ्या करारात. सहा सामने पूर्ण पगारावर असलात की एक हंगाम जमा. असे तीन जमा झाले की मर्यादित मोकळीक (दुसऱ्या संघाची बोली जुना संघ तेवढीच देऊन अडवू शकतो), चार झाले की पूर्ण. २००२ ते २००५ असे चार झाले आणि २००६ च्या मार्चमध्ये तो मोकळा झाला. त्याच मार्चमध्ये मालक आणि खेळाडू संघटनेचा नवा करार झाला आणि पगारमर्यादा ८.५५ कोटी डॉलरवरून १०.२ कोटींवर गेली. सगळ्या संघांच्या हातात अचानक पैसा! पँथर्सनी त्याला उचललं. महिन्याभराने रेव्हन्सनी ती मोकळी जागा भरायला ड्राफ्टमध्ये १२ वा कुणाला घेतला? हलोटी न्गाटाला. तोही टोंगन घरातलाच, फक्त जन्म कॅलिफोर्नियातला.

शून्य_टेक्निक

कामाबद्दल लिहायचं राहिलं. नोज टॅकल सेंटरच्या, म्हणजे आक्रमणाच्या रांगेतल्या मधल्या गड्याच्या, नाकासमोर उभा राहतो, त्या जागेला शून्य टेक्निक म्हणतात. गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर उभा राहिला तर तीन टेक्निक. शून्यवाल्याला सेंटरच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही फटी सांभाळायच्या असतात. स्नॅप झाला (सेंटरने चेंडू पायांमधून मागे दिला) की दोन्ही तळवे सेंटरच्या छातीवर आतल्या बाजूने, कोपर ताठ, त्याला हातभर लांब धरायचं, चेंडू कुठल्या बाजूला चाललाय ते बघायचं आणि मगच त्या बाजूला झटकायचं. शेजारचा गार्डही अंगावर येतो, म्हणजे समोर पावणेतीनशे किलो. तरी मागे सरकायचं नाही. तो दोघांना अडवून धरतो म्हणून मागचा लाइनबॅकर रे लुईस मोकळा धावतो. धावणाऱ्याला पाडल्याचा (टॅकलचा) आकडा लुईसच्या नावावर लागतो.

बिघडतं कुठे? एक तर माणूस उंच होतो. माआके साडेसहा फुटांच्या जवळचा, आणि नोज टॅकलला उंची म्हणजे ओझंच, गुडघे जास्त वाकवावे लागतात. दुसरं, घाईने अंदाज बांधून एक फट सोडली की धावणारा नेमका तिथूनच जातो. तिसरं, पाय थांबले की खेळ खलास. दोघांपुढे हार होतेय असं कळलं तर एक गुडघा टेकवून तिथेच ढीग करायचा, फट बुजली म्हणजे झालं. टीव्हीवर तो पडलेला दिसतो आणि समालोचक म्हणतात की त्याला लोळवलं.

आडवी_फळी

रग्बीमुळे हे पोरगे तयार येतात हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. नोज टॅकलच्या बाबतीत थोडं खरं, स्क्रममध्ये खाली राहून ढकलायची सवय उपयोगी पडते. गार्डच्या बाबतीत अजिबात नाही. रग्बीत ज्याच्या हातात चेंडू नाही त्याला अडवलं तर शिक्षा होते. गार्डचं सगळं आयुष्य चेंडू नसलेल्यांना अडवण्यात जातं. उलट शिकावं लागतं.

जॉर्डन मैलाटाचं उदाहरण देतात लोक, पण तो सिडनीत जन्मलेला, सामोअन घरातला, रग्बी लीगमधून एनएफएलच्या परदेशी खेळाडूंसाठीच्या योजनेतून आलेला. ही योजना २०१७ ला सुरू झाली. ईगल्सनी त्याला २०१८ ला सातव्या फेरीत घेतला आणि पहिला सामना तो २०२० मध्ये खेळला. दोन वर्षं नुसतं शिकणं. केमोएआतू भावांना ही योजना नव्हती, त्यांना ती दोन वर्षं काहुकूच्या मैदानावर आधीच मिळाली होती.

ख्रिसचं मुख्य काम होतं जागा सोडून धावणं, ज्याला पुल म्हणतात. पॉवर किंवा काउंटर चालीत डावा गार्ड सेंटरच्या मागून उजवीकडे जातो आणि फटीतून आत शिरून लाइनबॅकरला उडवतो. पहिलं पाऊल महत्त्वाचं. फार मागे पडलं तर तो पाठीमागच्या धावपटूवरच आदळतो, फार आडवं पडलं तर सेंटरच्या टाचेत अडकतो. खेळाडू तयारीत बसलेला असतानाही बघावं: पुल करायचं असेल तर वजन टाचांवर जातं आणि जमिनीवर टेकलेली बोटं हलकी होतात. समोरचा अनुभवी टॅकल बोटांच्या पेरांचा रंग बघून चाल ओळखतो, हे थट्टेत सांगत नाही. आणि पोचायला उशीर झाला की हात बाहेरच्या बाजूने खांद्यावर जातो, तिथे पंचाचं पिवळं फडकं पडतं (धरून ठेवल्याचा दोष, होल्डिंग), दहा यार्ड मागे. ख्रिसवर होल्डिंगची फडकी पडायची त्यात हे एक कारण होतं.

तो २००५ ते २००७ बाकावर होता, समोर ॲलन फानेका. फानेका २००८ ला जेट्सकडे गेला तेव्हा जागा मिळाली, आणि त्याच हंगामाच्या शेवटी तुम्ही बघितलेला सुपर बोल. सहाव्या फेरीतल्या माणसाला तीन वर्षं ठेवून घेणारा संघ मिळणं हेच अर्धं काम. आता एक गंमत: २००६ पर्यंत स्टीलर्सचा लाइन प्रशिक्षक रस ग्रिम होता, २००७ ला तो कार्डिनल्सकडे गेला. म्हणजे त्या दिवशी टँपात दोन्ही टोंगन गार्ड ग्रिमच्याच हाताखाली शिकलेले होते.

वजनकाटा

"तिशीच्या आसपास का संपतं" याला माझं उत्तर: शरीराची तपासणी. ड्राफ्टमधली जागा, दुसरा करार, तिसरा करार, प्रत्येक वेळी डॉक्टरच्या सहीशिवाय काही पुढे सरकत नाही.

लोटुलेलेई २०१३ च्या फेब्रुवारीत इंडियानापोलिसच्या कंबाइनला (ड्राफ्टआधी संघांसमोर होणारी चाचणी) गेला तेव्हा पहिल्या तिघांत जाईल असं बोललं जात होतं. तिथे हृदयाच्या इकोमध्ये आलं की डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला ४४ टक्केच रक्त बाहेर टाकतोय. नेहमीचं प्रमाण ५५ ते ७० टक्के. त्याला कंबाइनमध्ये धावू दिलं नाही. महिन्याभराने युटात पुन्हा तपासणी झाली, प्रमाण नेहमीसारखं निघालं, आधीचा बिघाड विषाणूसंसर्गामुळे असावा असा निष्कर्ष निघाला आणि तो विद्यापीठाच्या चाचणी दिवशी संघांच्या निरीक्षकांसमोर उतरला. तरी ड्राफ्टमध्ये १४ वा. पहिल्या तिघांतला आणि १४ वा यांच्या चार वर्षांच्या करारात दुपटीच्या आसपास फरक पडतो. यातून शिकण्यासारखं एवढंच, की ताप-सर्दी अंगात असताना कंबाइनला जाऊ नये, आणि गेलात तर आजारपणाचे कागद बरोबर ठेवावेत.

पुढे पहिल्या फेरीवाल्याला लागू असलेलं पाचवं वर्ष धरून २०१७ पर्यंत तो पँथर्सकडे होता. २०१८ ला बिल्सशी पाच वर्षांचा ५ कोटी डॉलरचा करार. २०२० ला करोनामुळे त्याने हंगाम सोडला (जास्त धोक्यात असलेल्यांना त्या वर्षी ३,५०,००० डॉलर मिळायचे, स्वेच्छेने सोडणाऱ्यांना १,५०,००० तेही उचल म्हणून) आणि करार वर्षभर पुढे सरकला. मार्च २०२२ मध्ये बिल्सनी त्याला मोकळं केलं. पाच वर्षांचा आकडा वर्तमानपत्रात छापतात. हातात पडतात ती खात्रीची वर्षं.

लुटुईचं २०११ मधलं प्रकरण शिकवण्यासारखं आहे. बेंगल्सशी करार ठरला, वैद्यकीय तपासणीत वजनावर अडला, करार रद्द, पुन्हा कार्डिनल्सकडे. त्या वर्षी १२ मार्च ते २५ जुलै मालकांनी टाळेबंदी केलेली होती, संघांच्या व्यायामशाळा बंद, आहारतज्ज्ञाशी बोलायलाही बंदी. जड लाइनमनला साडेचार महिने देखरेखीशिवाय सोडलं तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. त्यातही "तपासणी उत्तीर्ण झाल्यास" हे वाक्य प्रत्येक करारात असतं. सही झाली म्हणजे काम झालं असं समजू नका. नोकरीत असताना ठरल्यापेक्षा जास्त भरणाऱ्या प्रत्येक पौंडामागे दंडही असतो.

माआकेचं शरीर २००९ ला फसलं. पँथर्सच्या शिबिराच्या पहिल्याच सरावात ॲकिलिस टेंडन तुटला. टाचेमागची ही दोरी १५६ किलोच्या माणसात आधीच ताणाखाली असते, आणि पहिल्या दिवशी, सुट्टीनंतर, पहिल्या झटक्याला ती जाते. परत आल्यावर पाय चालतो, पण स्नॅपनंतरची पहिली झेप मंद होते, आणि नोज टॅकलकडे तीच तर असते. २०१० ला वॉशिंग्टन, २०११ ला तिथून सुट्टी, ते वर्ष रिकामं. मग वजन उतरवून २०१२ ला रेव्हन्सकडे परत, आणि ३ फेब्रुवारी २०१३ ला सुपर बोल ४७, फोर्टीनाइनर्सवर ३४–३१.

उत्तरकिनारा

त्यानंतरचा भाग तर खेळाच्या बाहेरचा. ख्रिसला शाळेत असल्यापासून मूत्रपिंडाचा त्रास होता, आणि तो त्यासकट सात हंगाम खेळला. मार्च २०१२ ला स्टीलर्सनी सोडल्यावर प्रकृती ढासळली. माआकेची किडनी जुळली. आधी ख्रिसच्या हृदयावर उपचार करावे लागले, म्हणून थांबावं लागलं, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये बाल्टिमोरच्या युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड मेडिकल सेंटरमध्ये प्रत्यारोपण झालं. एकच किडनी उरली की धडकाधडकीच्या खेळाला डॉक्टर नको म्हणतात, तेव्हा माआकेचं खेळणं तिथे कायमचं संपलं. टोंगन घरात थोरल्या भावावर जी जबाबदारी असते ती ज्याला माहीत आहे त्याला यात आश्चर्य वाटणार नाही.

दुसरी_चाल

निवृत्तिवेतनासाठी माआकेचं २००९ हे वर्ष मोजलं जाईल का? एकही सामना खेळला नाही त्यात.

शून्य_टेक्निक

जाईल. निवृत्तिवेतनाचा हंगाम म्हणजे किमान तीन सामने पूर्ण पगारावर असणं, आणि हंगामात जखमी यादीवर असणं त्यात बसतं. मैदानात उतरायची अट नाही. सराव पथकाचे आठवडे मात्र या हिशेबात सहसा धरत नाहीत, आणि बिनड्राफ्टची बरीच पोरं नेमकी तिथेच फसतात. असे तीन हंगाम झाले की हक्क पक्का. त्याबरोबर खेळणं संपल्यावर पाच वर्षांचा आरोग्यविमाही मिळतो. ख्रिसच्या बाबतीत नियमाने हिशेब केला तर २०१२ पासूनची पाच वर्षं, आणि प्रत्यारोपण २०१४ चं. तिसऱ्या हंगामात दोन सामने झाल्यावर वगळलेल्या खेळाडूला यातलं काहीच मिळत नाही.

आडवी_फळी

दुसरी_चाल, सुपर बोल ४३ आणखी एकदा लावा. पिट्सबर्गचा (स्टीलर्सचा) ६८, म्हणजे ख्रिस, आणि ॲरिझोनाचा (कार्डिनल्सचा) ७६, म्हणजे लुटुई. चेंडूकडे बघू नका, स्नॅपच्या आधी ६८ ची बोटं बघा.